दाजींचं घड्याळ, सातपूरचा लॉकर आणि सिंक बंद करून वाढलेली बॅटरी

आमच्या दाजींचं फिटनेस स्मार्टवॉच. बॉक्सवर लिहिलंय १४ दिवसांपर्यंत बॅटरी, प्रत्यक्षात मिळत होते तीन, फार तर साडेतीन. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण हाच प्रश्न ओळखीतले बरेच जण विचारतात आणि विचारायच्या आधीच एक उपाय करून बसलेले असतात, ब्लूटूथ बंद, कारण घड्याळातला डेटा फोनमध्ये जातो, म्हणजे सिंक होतो, तो त्यावरूनच. "सिंकच सगळी बॅटरी खातं" हे इतकं पक्कं बसलंय डोक्यात की दुसरं काही ऐकायलाच कोणी तयार नसतं. दाजींनीही तेच केलं होतं, आणि त्यांची बॅटरी खरंच जवळपास दुप्पट चालायला लागली होती, आता अशा माणसाला कसं पटवायचं की बाबा सिंकचा यात काही दोष नाहीये?

माणूस आणि घड्याळ दोन्ही थोडक्यात सांगतो. दाजी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला, शिफ्टची ड्युटी, मूळ निफाडकडचे, गावी भावाची द्राक्षबाग. पन्नाशी उलटली, शुगर काठावर आली, डॉक्टर म्हणाले रोज चाला, म्हणून ताईने घड्याळ घेऊन दिलं. सकाळी गंगापूर रोडने सोमेश्वरकडे चालत जायचं आणि धबधब्याच्या अलीकडे चहा मारून परत. घड्याळ मध्यम किमतीचं, एमोलेड स्क्रीन, आत स्वतःचं जीपीएस, मनगटावरून फोनवर बोलायची सोय, बॅटरी ३०० एमएएच (म्हणजे एक मिलीअँप प्रवाह घेत राहिलं तर ३०० तास पुरेल एवढी). कंपनीचं नाव लिहीत नाही, एकतर गरज नाही आणि दुसरं म्हणजे खाली जे सांगतोय ते बहुतेक कंपन्यांच्या घड्याळांना थोड्याफार फरकाने लागू आहे. माझं रोजचं काम अंबडला सर्किट बोर्डांचं, त्यामुळे घरात वायर असलेली आणि नसलेली प्रत्येक वस्तू शेवटी माझ्याकडेच येते.

भडका उडाला तो ब्रह्मगिरी फेरीला. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची फेरी, रविवारी रात्री त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावरून निघायचं, साधारण वीस किलोमीटर, पाऊस चिखल गर्दी आणि ओम नमः शिवायचा गजर. दाजींनी निघताना घड्याळावर जीपीएस वॉक सुरू केला, तेव्हा बॅटरी अर्ध्याच्या जरा वर होती, आणि फेरी निम्मी व्हायच्या थोडं पुढे घड्याळ काळं. परत आल्यावर त्यांनी रागाच्या भरात घड्याळातलंच ब्लूटूथ बंद करून टाकलं. मग बॅटरी सहा दिवसांवर गेली. दाजी खुश, कंपनीतल्या दोघातिघांना पण बंद करायला लावलं.

दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टरांची तारीख आली, ताई म्हणाली ते चालायचं आणि झोपेचं रेकॉर्ड दाखवा, म्हणून ब्लूटूथ चालू करून सिंक मारलं तर मागच्या आठवड्याचाच बारीक डेटा आला, त्याच्या आधीचे फक्त दिवसाचे एकूण स्टेप्स. फेरीचा जो अर्धा का होईना नकाशा होता तो गायबच. घड्याळाची मेमरी छोटी असते, नवीन आलं की जुनं पुसलं जातं. फिटबिट या घड्याळांच्या कंपनीच्या मदतीच्या पानांवर तर हे स्पष्टच लिहिलेलं आहे, मिनिटामिनिटाचा डेटा ७ दिवस राहतो, रोजची बेरीज ३० दिवस. दाजींच्या घड्याळाचं पण तसंच काहीतरी. "अरे माझी फेरीच खाल्ली की याने," असं म्हणत घड्याळ माझ्या हातात आलं.

आता हिशोब

३०० एमएएच बॅटरी १४ दिवस, म्हणजे ३३६ तास पुरवायची तर घड्याळाने सरासरी ०.९ मिलीअँपच्या आत राहायला पाहिजे. साडेतीन दिवसात म्हणजे ८४ तासात संपते म्हणजे सरासरी ३.६ मिलीअँप जातोय. मधले पावणेतीन मिलीअँप कोण पितंय एवढाच प्रश्न आहे.

सिंक पिऊ शकतं का बघू. हार्ट रेट मिनिटाला एक धरला तर दिवसाचे १४४० आकडे, सोबत स्टेप्स वेळ वगैरे धरून एका आकड्याला आठ बाइट दिले तरी दिवसाचे बारा केबीच्या आत. तासभराचा जीपीएस वॉक, सेकंदाला एक नोंद, वीस बाइटची, तर ७२ केबी. म्हणजे दिवसभराचं सगळं मिळून शंभर केबी सुद्धा नाही, ग्रुपवर येणारा शुभ सकाळचा गुलाबाचा फोटो याच्याहून मोठा असतो. ब्लूटूथ लो एनर्जी (ब्लूटूथचा कमी वीज खाणारा प्रकार) अगदी रडत-रखडत सेकंदाला १० केबी गेलं तरी दहा सेकंदात काम तमाम. ब्लूटूथचा रेडिओ त्या वेळात १० मिलीअँप खातो असं धरा, येतात ०.०३ एमएएच. प्रोसेसर जागा राहतो, मेमरी वाचावी लागते म्हणून दहापट करा, ०.३. म्हणजे तीनशेतला हजारावा भाग. हे झालं सिंक.

नुसतं जोडलेलं राहण्याचा खर्च वेगळा, तोही काढू. ब्लूटूथ लो एनर्जी २०१० मध्ये ४.० व्हर्जनसोबत आलं ते याचसाठी, सतत चालू न राहता ठरलेल्या वेळी डोळे उघडायचे, "आहेस ना" विचारायचं, परत झोपायचं. हा ठरलेला वेळ ७.५ मिलिसेकंदांपासून ४ सेकंदांपर्यंत कितीही ठेवता येतो आणि सांगण्यासारखं काही नसेल तर घड्याळाला मधल्या हजेऱ्या बुडवायची पण परवानगी असते. अशा निवांत कनेक्शनला सरासरी दहा-वीस, फार तर पन्नास मायक्रोअँप (मिलीअँपचा हजारावा भाग) लागतात. पन्नास धरा. चोवीस तासांचे १.२ एमएएच, अर्धा टक्का पण नाही. म्हणजे दाजींसारख्या साडेतीन दिवस चालणाऱ्या घड्याळात हे कनेक्शन पूर्ण काढून टाकलं तर फायदा किती, तर तासाभराचा. अगदी १४ दिवस चालणाऱ्या घड्याळात सुद्धा पाऊण दिवस.

मग साडेतीनचे सहा झाले कसे

इथे खरी गोम आहे. घड्याळात ब्लूटूथचं बटण एकच असतं पण त्याच्या मागे कामं तीन-चार लटकलेली असतात. सिंक हे त्यातलं एक, सगळ्यात गरीब. दुसरं नोटिफिकेशन. तिसरं कॉलिंग, जे लो एनर्जीवर नाही तर जुन्या क्लासिक ब्लूटूथवर चालतं आणि त्यासाठी घड्याळाला दुसरा कान सतत उघडा ठेवावा लागतो. बटण दाबलं की सगळंच बंद, आणि बिल फाटलं सिंकच्या नावावर.

दाजींचा फोन म्हणजे कांदा मार्केटच आहे हो. कंपनीचा ग्रुप, युनियनचा ग्रुप, सोसायटीचा पाण्याच्या टँकरवाला, भावकीचा, आणि सगळ्यात वर निफाडच्या द्राक्षवाल्यांचा, तिथे ढग आले की फवारणी करू का नको यावर पहाटे चारपासून चर्चा. हे सगळं मनगटावर येत होतं. प्रत्येक मेसेजला मोटर थरथरते, एमोलेड स्क्रीन पाच-सात सेकंद पेटते. पन्नास मिलीअँप सात सेकंद म्हणजे ०.१ एमएएच. ऐकायला काहीच नाही, पण दिवसाला असे दोनशे मेसेज धरा, वीस एमएएच गेले, बॅटरीचे जवळपास सात टक्के, रोज. सिंकच्या साठ-सत्तर पट. दोनशे जास्त वाटत असतील तर एखाद्या द्राक्ष बागायतदाराला अवकाळीच्या आठवड्यात फोन दाखवायला सांगा.

चाचणी अगदी साधी केली. ब्लूटूथ चालू, कनेक्शन चालू, सिंक पण आपोआप, फक्त नोटिफिकेशन आणि कॉलिंग बंद. बाकी एका सेटिंगला हात नाही लावला, कारण चार गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते ब्रह्मदेवाला पण कळत नाही, आणि लोक नेमकं तेच करतात. रिझल्ट: ब्लूटूथ बंद असताना जेवढी चालत होती त्याच्या अगदी जवळ. फरक असा की आता डेटा रोज फोनमध्ये येत होता. दाजी म्हणाले, "म्हणजे मेसेजच खात होते?" म्हटलं हो, बराचसा भाग. पण सगळं नाही, कारण मग नोटिफिकेशन परत चालू करून, निवडक दोन-तीन ॲपचेच ठेवून बघितलं तर बॅटरी अपेक्षेपेक्षा जास्तच उतरत होती, आणि ती कधी उतरते ते बघण्यात जास्त मजा आली.

ड्युटी आणि सुट्टी

ॲपमध्ये बॅटरीचा ग्राफ असतो, कोणी उघडत नाही. दाजींच्या ग्राफमध्ये सुट्टीच्या दिवशी रेघ निवांत उतरायची आणि ड्युटीच्या दिवशी धपकन. सुट्टीला माणूस जास्त चालतो, फोन जास्त बघतो, उलट असायला पाहिजे ना? विचारल्यावर कळलं की त्यांच्या प्लांटमध्ये फोन आत नेता येत नाही. गेटजवळच्या लोखंडी लॉकरमध्ये ठेवायचा, घड्याळ मात्र हातात चालतं. मेंटेनन्सचा माणूस एका जागी थोडाच बसतो, कधी शेडच्या त्या टोकाला प्रेसवर, कधी पॅनेलरूममध्ये, कधी स्टोअरला, आणि स्टोअर लॉकरच्या भिंतीला लागून. म्हणजे आठ तास घड्याळाचं आणि फोनचं तुटतंय जुळतंय तुटतंय जुळतंय.

लोकांना वाटतं फोन लांब गेला की रेडिओ गप्प बसतो. गप्प बसत नाही. कनेक्शन तुटलं की घड्याळ "मी इथे आहे, मी इथे आहे" अशी हाक मारायला लागतं, ३७, ३८, ३९ या तीन ठरलेल्या चॅनेलवर, दर हाकेला तिन्हीकडे. ही हाक किती वेळाने मारायची याला २० मिलिसेकंद ते १०.२४ सेकंद अशी मोकळीक आहे, शहाणी घड्याळं थोडा वेळ पटापट हाका मारतात आणि मग सावकाश होतात. पण दाजी स्टोअरवरून गेले की पुसटसं कनेक्शन लागतं, मग ओळख पटवा, एन्क्रिप्शन करा, साचलेली नोटिफिकेशन घ्या, हवामान घ्या, तेवढ्यात दाजी परत शेडमध्ये, पत्र्याच्या आड, तुटलं, आणि हाका पुन्हा पहिल्यापासून पटापट. लॉकरमध्ये फोनही घड्याळाला शोधतच असतो. माझं तर स्पष्ट मत झालंय की घड्याळाला जोडलेलं राहणं स्वस्त आणि पूर्ण बंद राहणं स्वस्त, महाग आहे ते अर्धवट अंतरावर राहणं. म्हणूनच फक्त फोनचं ब्लूटूथ बंद करून "मी बॅटरी वाचवतो" म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं, घड्याळ बिचारं दिवसभर ओरडतच असतं की.

उपाय गेटवरच निघाला. फोन लॉकरमध्ये टाकायचा त्याच क्षणी घड्याळावर वरून बोट ओढून विमान मोड, सुटल्यावर फोन घेताना तो काढायचा. स्टेप्स हार्ट रेट मोजायला फोन लागतच नाही, सेन्सर आणि मेमरी दोन्ही घड्याळात आहेत. संध्याकाळी घरी आल्यावर दहा सेकंदात सगळं फोनमध्ये. पहिले काही दिवस विसरले, मग सवय लागली. ड्युटीच्या दिवसाची रेघ सुट्टीच्या रेघेला जवळजवळ येऊन मिळाली.

फोनच्या बाजूने अजून एक घोळ होता. दाजींना, आणि फक्त त्यांनाच कशाला म्हणा, सगळ्यांनाच, दर पंधरा मिनिटांनी चौकोनी बटण दाबून सगळी ॲप वर सरकवून फेकून द्यायची सवय. फोन हलका होतो म्हणे. बऱ्याच फोनवर त्यात घड्याळाचं ॲप पण मरतं, कनेक्शन तुटतं, मग ते परत उठतं आणि सगळी ओळख नव्याने. ॲन्ड्रॉइड ६.० पासून, २०१५ पासून, फोन स्वतःच मागच्या ॲपना झोपवतो आणि काही कंपन्या त्याच्यावर स्वतःचा कडक पहारा बसवतात. त्या एका ॲपला बॅटरीची बंधनं काढून दिली, ऑटोस्टार्टला परवानगी दिली, आणि ते फेकू नका एवढं सांगितलं. ताईने "तुम्ही ॲप फेकता आणि मग मला विचारता सिंक का होत नाही" असं ऐकवून घेतलं त्यात.

एक गैरसमज जाता जाता. दाजींनी स्ट्राव्हाचं (चालण्या-धावण्याच्या नोंदी ठेवणारं ॲप) कनेक्शन पण तोडलं होतं, "तेवढंच सिंक कमी." अहो ते सिंक घड्याळाचं नाहीच. घड्याळातून फोनमध्ये येतं ते ब्लूटूथने, तिथून पुढे स्ट्राव्हाला जातं ते फोनच्या नेटवरून, घड्याळाला त्याचा पत्ताही नसतो. परत जोडून दिलं.

जीपीएस, म्हणजे फेरीत नक्की काय झालं

हे सगळ्यात जास्त बॅटरी खाणारं आणि याच्यावर कोणी संशय घेत नाही, कारण ते आपण स्वतः चालू केलेलं असतं. घड्याळातलं जीपीएस चिपनुसार साधारण १० ते ३० मिलीअँप खातं. वीस धरा. फेरी सहा तासांची तर १२० एमएएच, म्हणजे चाळीस टक्के नुसतं जीपीएस. त्यात दाजींची स्क्रीन कायम चालू मोडवर, अंधारात वाट बघायला घड्याळाचाच टॉर्च, वर प्रत्येक वेळी मनगट वळलं की स्क्रीन पूर्ण पेटणार, आणि चिखलात काठी टेकत चालणाऱ्या माणसाचं मनगट किती वेळा वळतं ते बघा. अर्ध्या बॅटरीवर निघाले होते. संपणारच होती, ब्लूटूथ चालू असो नाहीतर बंद.

आणि इथे सिंकची दुसरी बाजू येते जी मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. सिंक करताना डेटा फक्त घड्याळातून फोनकडे जात नाही, फोनकडून घड्याळातही येतो, त्यात पुढच्या काही दिवसांत कुठला उपग्रह कुठे असेल याची फाइल असते. ती ताजी असेल तर घड्याळ काही सेकंदात जागा पकडतं. नसेल तर प्रत्येक उपग्रहाकडून त्याची कक्षा थेट ऐकावी लागते, आणि जीपीएसचा तो संदेश सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने येतो, एक फ्रेम पूर्ण व्हायला ३० सेकंद, सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटं. मधे झाड आलं, इमारत आली, बिट चुकला की पुढच्या फ्रेमची वाट बघा. ब्लूटूथ बंद होतं त्या आठवड्यांत दाजी सोमेश्वरच्या वाटेवर हात वर करून उभे असायचे, "आजकाल सॅटेलाइटच मिळत नाही" म्हणून, आणि तेवढा वेळ चिप पूर्ण जोरात शोधत असायची. दहा सेकंदांचं सिंक वाचवायला रोज मिनिट-दोन मिनिटांचं जीपीएस जाळणं, हा सौदा कोणी करेल का? सिंक परत सुरू झालं आणि दुसऱ्या सकाळी बूट बांधून होईपर्यंत जीपीएस लागलेलं.

बाकीची सेटिंग भराभर सांगतो. रात्रभर ऑक्सिजन मोजणं बंद केलं, त्याला हिरव्याच्या जोडीला लाल आणि इन्फ्रारेड दिवे लागतात आणि डॉक्टरांनी ते मागितलेलंच नव्हतं. कायम चालू स्क्रीन बंद. मनगट वळवल्यावर पेटणं रात्री बंद, दिवसा ठेवलं, सिंहस्थाच्या कामांनी खणलेल्या रस्त्यांवरून ॲक्टिव्हा चालवताना ती धक्क्याधक्क्याला पेटायची खरी पण वेळ बघायला त्यांना ते लागतंच. आंघोळीला जाताना घड्याळ टॉवेलवर काढून ठेवायचे तेव्हा मागचा हिरवा दिवा टॉवेलवरच लुकलुकत असायचा आणि ॲपमध्ये टॉवेलचा हार्ट रेट ७२, तब्येत चांगली आहे टॉवेलची. आता काढलं की पालथं, काचेवर, सेन्सर वर करून ठेवतात, मग दिवा विझतो.

आज घड्याळ आठवडाभर आणि वर एखादा दिवस जातं. बॉक्सवरच्या १४ दिवसांपर्यंत जाणार नाही, कारण तो आकडा ज्या वापरावर काढलेला असतो त्याची बारीक अक्षरातली टीप वाचली तर त्यात जीपीएस आठवड्यातून थोडंसं, नोटिफिकेशन मोजकी, कॉल नगण्य असा कोणीतरी एकलकोंडा माणूस असतो. दाजी तसे नाहीत. कॉलिंग पूर्ण बंद करा, अजून एक-दीड दिवस मिळेल असं सांगून बघितलं, तर म्हणाले की संध्याकाळी ओट्यावर बसून मनगटावरून निफाडला भावाशी बोलायचं ते बंद करणार नाही, बॅटरी गेली तर गेली, चार्जर आहे ना. सिंक मात्र आता आपोआप चालू आहे आणि पुढच्या श्रावणात निघताना शंभर टक्के चार्ज, जीपीएस कमी पॉवरच्या मोडवर आणि टॉर्चसाठी वेगळी बॅटरी असं ठरलंय, त्या मोडमध्ये नकाशाची रेघ डोंगराच्या वळणांवर जरा कापत जाईल हे त्यांना आधीच सांगून ठेवलंय.